पाठमोरा नवसू

टोकावड्याच्या नाक्यावर माझे मोबाइलचे दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधारची प्रिंट, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा माळशेजकडे धबधबे बघायला निघालेल्या टोळक्यांना शिव्या, एवढाच माझा धंदा. शिव्या मनातल्या मनात देतो, कारण ती पोरे चार्जर घरी विसरून आलेली असतात आणि माझ्याकडूनच घेतात. बायको जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा संदेश वाशिंदला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो आणि कल्याणला नोकरीला जातो. इथून फार तर दोन तास. तो गणपतीला येतो.

हौशी ही गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीतली. वय साठीच्या आसपास. नक्की तिलाही माहीत नाही, कारण आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आहे, वाडीतल्या निम्म्या माणसांची असते तशी. अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. रानात ज्या दिवसात जे मिळेल, शेवळं, कंटोळी, करवंदं, ते आणून ती नाक्यावर विकते. भाव करायला कोणी तोंड उघडले, की ती म्हणणार, "जा रानात, काटं काढत आन, नि फुकट खा." मी तिला वीस-बावीस वर्षे ओळखतो असे म्हणतो खरे, पण त्यातली बहुतेक वर्षे मी तिच्याशी भाजीपुरतेच बोललो. तिच्या वाडीवर तर कधी पाऊलही टाकले नव्हते. दुकानापासून पंधरा मिनिटांची चढण.

नवसू तिचा एकुलता एक मुलगा. आधीची तीन मुले वर्षाच्या आतच गेली, तेव्हा नवस बोलून हा झाला आणि जगला. नवसू दहा-बारा वर्षांचा असताना बाप गेला. पण जाण्याआधी त्याने पोराला घर शाकारायला शिकवले होते, आणि नवसूचा त्यात असा हात बसला की पावसाळ्याच्या तोंडावर वाडीतली निम्मी छपरे त्याच्याच हाताखालून जायची. पुढे लग्न झाले. सून रविना, शांत आणि कामाला वाघ. मूल झाले नाही.

वाडीतली माणसे दसरा झाला की वीटभट्टीवर जातात. तीन वर्षांपूर्वी मात्र कुठलासा मुकादम आला आणि पाच पोरांना गोव्याला घेऊन गेला. तिकडे किनाऱ्यावर पावसाळा संपला की बांबूची आणि झापांची हॉटेले उभी करतात, आणि पुढचा पाऊस यायच्या आत सोडवून ठेवतात. झाप म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या. नवसू गेला. दर रविवारी रविनाच्या फोनवर त्याचा फोन यायचा. माघ सरला आणि फोन यायचे थांबले.

शिमग्याला कातकरी माणूस जिथे असेल तिथून वाडीवर येतो. मुकादम नाही म्हणाला तर भांडून येतो, गाडी नसेल तर चालत येतो. त्या शिमग्याला पाचांतले चार आले. ते म्हणाले, नवसूचे मुकादमाशी वाजले, एका सकाळी त्याने पिशवी उचलली आणि गेला, कुठे ते कोणाला सांगितले नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली. अर्ज मीच लिहून दिला, सोबत आधारची झेरॉक्स लावली. पुढे काही कळले नाही.

आता सिनेमाकडे येतो.

गेल्या श्रावणात एका दुपारी मी दुकानात नवा हिंदी सिनेमा लावून बसलो होतो. गोव्यातल्या पावडरीच्या धंद्यावरचा. एक दाढीवाला इन्स्पेक्टर, एक पांढऱ्या सुटातला खलनायक, दर दहा मिनिटांना एक मुडदा. त्यात दाखवतात तेवढी पावडर गोव्यात खरोखर असती, तर तिथली कुत्रीसुद्धा झिंगून पडली असती. पण दुपार ढकलायला बरा होता. हौशी रविनाच्या फोनचे रिचार्ज करायला आली आणि उभ्या उभ्या बघत राहिली. इन्स्पेक्टर एका पावडर विकणाऱ्याच्या मागे वाळूवरून धावत होता.

"थांबवा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की माझ्या हातातला चहा सांडला.

"काय झालं गो?"

"मांगं घ्या. तो पलतो ना, त्याच्या मांगं बघा."

मी मागे घेतले. धावणाऱ्या दोघांच्या पाठीमागे एक अर्धवट बांधलेली झोपडी होती, तिला शिडी लावलेली, आणि शिडीवर एक माणूस पाठमोरा उभा राहून छपराला झाप बांधत होता. निळा शर्ट. जेमतेम चार सेकंद. मग दाढीवाला आडवा आला आणि झोपडी संपली.

"माझा नवसू," हौशी म्हणाली.

मला हसू आले. "हौशे, नुसती पाठ दिसते. पाठीवर नाव लिहिलंय का त्याच्या?"

"नाव कशाला लागतंय? ती पाठ म्यां झोळीत वागवली. दोरी दातात धरलीया बघा. हात डावा. नि गाठ मारून झाली की दोन थापट्या मारतो. बाप बी असाच मारायचा त्याचा."

मी पुन्हा लावले. दोरी दातात होती. हात डावा होता. आणि गाठ मारून झाल्यावर त्या माणसाने खरोखरच बैलाच्या मानेवर थोपटावे तशा दोन थापट्या मारल्या. तरी मी म्हणालो, "अगं, सिनेमा आहे तो. सगळं खोटं असतं त्यात."

"ठावं हाय मना," ती म्हणाली. मी तिला काय समजतो, हे तिला बरोबर कळले होते. "मरतो तो खोटा मरतो. मारतो तो खोटा मारतो. पन मांगचा बांधतो ते काम खरं हाय. खोट्या गाठीनं छप्पर ऱ्हातंय कंदी?"

मी पुन्हा मागे घेतले.

तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा यायची. ती झोपडी सिनेमात एक तास बारा मिनिटांवर येते, हा आकडा मला तोंडपाठ झाला. फुकट बघायची नाही. कधी कंटोळ्यांचा वाटा, कधी मूठभर खेकडे माझ्या टेबलावर ठेवायची आणि मगच "लावा" म्हणायची. ती चार सेकंदे तिने इतकी वापरली की माझ्या बायकोने लुगडेही इतके वापरले नसेल. नवसूच्या पायात चप्पल होती, म्हणजे हातात चार पैसे होते. मानेवर केस वाढलेले नव्हते, म्हणजे कापायला वेळ मिळत होता. शर्ट निळा आणि धड होता, म्हणजे कोणीतरी धुवून देत होते. दाढीवाला शिडीच्या फार जवळून धावतो, याचा मात्र तिला राग होता. दर वेळी म्हणायची, "त्या मेल्याला सांगा, शिडी बघून पल."

मीही बेरकी, तिला मुद्दाम छेडायचो. म्हणायचो, पुढच्या वेळी पडला तर? ती चिडायची आणि दोन दिवस यायची नाही. खरे म्हणजे ती आली नाही की मला दुकानात करमायचे नाही.

या सगळ्यात रविनाचे मात्र हाल होते. पलीकडच्या वाडीतल्या जीवन नावाच्या माणसाने तिला मागणी घातली होती. बायको मेलेला, पण निर्व्यसनी आणि भट्टीवर चांगला कामगार. रविना सव्वीस वर्षांची. वाडीतल्या जाणत्यांचे म्हणणे होते की तीन वर्षे झाली, आता नवसूचे उरकून टाकावे. माणूस गेला आणि देह सापडला नाही, तर त्यांच्यात पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला त्याचाच सदरा घालतात आणि ओढ्याच्या काठी पुरतात. मग बायको पाट लावायला मोकळी. हौशी त्यांच्या अंगावर गेली. "जिता माझा पोर सिनेमात काम करतो नि तुमी त्याला पुरता?"

एकदा रविनानेही माझ्या दुकानात ती चार सेकंदे पाहिली. जाताना हौशीच्या मागे राहून मला म्हणाली, "दादा, मना तो वाटतो बी, नि वाटत नाय बी. पन आईचं तोंड बघितलं नि गप बसली." हौशीला सोडून जाणे तिला जमत नव्हते आणि थांबायला काही कारण उरले नव्हते. नवसू आहे की नाही, एवढे एकदा कळले असते तर दोघींचा जीव भांड्यात पडला असता.

"मना गोव्याला न्या," हौशी सारखी म्हणायची. "एष्टीत बायांना अर्धं तिकीट हाय. माजं मी काढीन."

मी "बघू" म्हणायचो. गोवा काय लहान आहे? पण शेवटी मलाच राहवेना. सिनेमाच्या शेवटी नावे येतात ती कोणी वाचत नाही. मी चष्मा लावून वाचली. सेट उभारणाऱ्यांत एक मराठी नाव दिसले, सुरेंद्र. त्याला इन्स्टाग्रामवर शोधून मेसेज टाकला. एक, दोन, पाच. तीन आठवड्यांनी, शिमग्याला थोडे दिवस उरलेले असताना, भर दुपारी त्याचा फोन आला.

"काका, ते गोवा नाही," सुरेंद्र म्हणाला. "लांबून समुद्र दिसतो तेवढाच गोव्याचा. तिथे परवानगी, गर्दी, फार कटकट. ती पळापळी आम्ही तुमच्या शहापूरला केली. सापगावच्या पलीकडे एका फार्महाऊसचं तळं आहे. काठावर वाळू ओतली, माड आणून उभे केले, झोपड्या बांधल्या. महिनाभर काम चाललं."

"आणि झाप बांधणारी माणसं?"

"एक मुकादम घेऊन आला होता. थांबा, फोटो असेल."

फोटो आला, कोपऱ्यात तारीख असलेला. सहा जण शिडीला टेकून उभे. निळा शर्ट डावीकडून दुसरा, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे, सगळे दात बाहेर. नवसू. शंकाच नाही. लहानपणी माझ्या दुकानासमोर करवंदे विकायला बसायचा, तसाच हसत होता. मुकादमाचा नंबर सुरेंद्रने दिला, तो बंद होता. काम संपल्यावर ही माणसे कुठे गेली, त्याला माहीत नव्हते.

पण पठ्ठ्या जिवंत होता! निदान तेव्हा तरी होता. मी दुकानाचे शटर अर्धे ओढले, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि त्या चढणीला लागलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. छाती भात्यासारखी चालत होती, पण मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. वाटेत मी ठरवून टाकले की फोटो लगेच दाखवायचा नाही. आधी थोडे चकवायचे आणि मग एकदम समोर धरायचा. माझी ही हौस नडली.

हौशी घराच्या कुडाला शेण लिंपत होती. शिमग्याची तयारी. मला वाडीत बघून तिला नवल वाटले, पण हात थांबले नाहीत.

"हौशे, तुझा गोवा सापडला!" मी धापा टाकत म्हणालो. "आणि गोवा नव्हेच तो. शहापूर! सापगावच्या पुढे. मुरबाडला एष्टी बदलली की झालं. दीड तासावर बसला होता की गो तुझा लेक!"

तिचा हात कुडावर थांबला.

"शापूर?"

"हो! माड भाड्याचे, वाळू आणलेली. सगळी बनवाबनवी."

"कंदी?"

"दोन वर्षांपूर्वी. मार्चमध्ये. होळीच्या आठवड्यात तर—"

बोलता बोलता माझे शब्द मलाच ऐकू आले. पण तोपर्यंत ते बाहेर पडले होते.

"शिमग्याला," हौशी म्हणाली.

घरामागे कोंबड्या कलकलत होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, कुडाकडेच बघत होती, आणि अर्धवट ओढलेला शेणाचा पट्टा तिथेच वाळायला लागला होता. तो शिमगा, चौघे परत आले त्याच्या पुढच्या वर्षीचा, मला आठवत होता, कारण त्या दिवशी ती सकाळपासून नाक्यावर बसून होती. भाजी न घेता. मुरबाडहून येणारी प्रत्येक गाडी तिने बघितली. संध्याकाळी मी दुकान बंद करताना तिला म्हणालो होतो, "जा आता घरी." गोव्याहून इतक्या लांब गाडी मिळाली नसेल, असे तीच उलट मला समजावून सांगत होती.

"मंग तो नवसू नाय," ती म्हणाली.

"अगं, काय बोलतेस? दोरी दातात, डावा हात, थापट्या. तूच तर—"

"डावखुरे काय माझ्याच घरात जलमले? दुसऱ्याचा बी बाप थापट्या मारत असंल." तिचा आवाज चढला नव्हता. गेले सात-आठ महिने ती ज्या खात्रीने तो नवसू आहे म्हणत होती, त्याच खात्रीने आता तो नाही म्हणत होती. "नवसू शापूरला असता तर शिमग्याला आला असता. गाडी नसती तं चालत आला असता. पाय मोडला असता तं घसटत आला असता. तो आला नाय. म्हंजी तो नव्हता."

"हौशे, माझ्याकडे फोटो आहे. तोंडाचा. एकदा बघ, मग काय ते बोल."

मी खिशात हात घातला. तेवढ्यात ती पुढे आली आणि तिने शेणाने भरलेला तळवा माझ्या खिशावर, फोनवर, दाबून ठेवला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असे मला वाटले नव्हते.

"ऱ्हाऊ द्या तितंच," ती म्हणाली. "तुमचा उपकार हाय दादा. पन मना नका दावू."

तिचे डोळे कोरडे होते. माझेच भरले. मग ती वळली आणि राहिलेला कूड लिंपू लागली.

उतरताना मला नवसूचा असा राग आला की तो समोर असता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. का आला नसेल? दुसरी बाई केली असेल, लाज वाटत असेल, एकटे राहायची गोडी लागली असेल. असेल काहीही. एक फोन, एक निरोप, एवढेही जमू नये? मुलगा लांब आहे म्हणून येत नाही, यावर आई आयुष्य काढू शकते. तो जवळ होता आणि आला नाही, यावर एक दिवससुद्धा काढता येत नाही. आणि हे मी काही तिच्याकडे बघून शिकलो असे नाही. मीही लोकांना सांगतोच की संदेशला सुट्टी मिळत नाही. दुकानात आलो, शर्टावरचा शेणाचा डाग तसाच होता, आणि मी बराच वेळ शटर वर केले नाही.

शिमगा झाला. दुसऱ्या दिवशी हौशी स्वतः जाणत्यांकडे गेली आणि म्हणाली, नवसूचे उरकून घ्या. वाडीतल्यांना वाटले, म्हातारीला शेवटी उमगले. रविना रडली. जीवनची माणसे पुढच्या आठवड्यात येणार असे ठरले. त्यानंतर त्या घरात हौशी एकटी राहणार हे सगळ्यांना दिसत होते. रविना म्हणाली, तुमी बी चला माझ्यासंगं. हौशी म्हणाली, "सासू घेऊन कोन नांदाया जातंय? लोक हसतील गो." आणि स्वतःच हसली.

मला बोलावणे आले. मी दुकान बंद करून गेलो. तिने रविनाला सोडवले की स्वतःला, हे मला आजही नीट कळलेले नाही. जाण्याआधी मी फोनमधला तो फोटो पुसायला घेतला होता. बोट पुढे झालेच नाही.

अंगणात पळसाच्या पानांचा माणूस तयार होता. काड्यांनी टाचलेला, पुरुषभर उंच. हौशी त्याच्या उशाशी बसून त्याला नवसूचा सदरा घालत होती. पानांचे हात बाहीत जाईनात, म्हणून ती ते हळू दुमडून आत सारत होती. चार माणसे उचलायला उभी होती. एवढ्यात रविना हार घेऊन माझ्याजवळ आली.

"दादा, तुमी फोटू काढता. आधारवरचा मोठा केला तं नुसता काला डाग येतो. त्याचा दुसरा कंचा फोटू हाय का तुमच्याकडं? हार घालाया."

माझा हात खिशाकडे गेला. फोन तिथेच होता. त्यात नवसू होता, निळ्या शर्टात, सगळे दात दाखवत. रविना माझ्या हाताकडे बघत होती. मला खोटे बोलता येत नाही असे नाही, दुकानदार आहे, पण मी खिशावर हात तसाच धरून राहिलो.

"त्यांच्याकडं नाय गो," हौशी म्हणाली. तिने मान वर केली नाही. "असता तं त्यांनी मना दावला नसता का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याकडे नाही."

हौशीने सदऱ्याचे वरचे बटण लावले, कॉलर सारखी केली आणि उभ्या असलेल्या माणसांना म्हणाली, "उचला."